मामलतदाराचा निकाल आणि उच्च न्यायालयाची देखरेख

शतकभर टिकलेल्या ग्रंथालयाच्या स्मरणग्रंथात जमीनविषयक न्यायासारख्या रूक्ष विषयाला स्थान का द्यावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखक भाषेचा अध्यापक आहे, कायद्याचा पंडित नव्हे. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर त्याला प्रथम भाषेतच सापडते. सुरत शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत आजही तालुक्याच्या महसुली अधिकाऱ्याला ‘मामलतदार’ म्हणतात. मराठी अमदानीतून रूढ झालेला हा शब्द महाराष्ट्राने सरकारी व्यवहारातून जवळजवळ सोडला आणि तेथे ‘तहसीलदार’ आला. गुजरातने मात्र तो जपला. सातबाराचा उतारा दोन्हीकडे त्याच क्रमांकांच्या नमुन्यांवरून ओळखला जातो. आपण ज्याला ‘कूळ’ म्हणतो त्याला गुजराती शेतकरी ‘गणोतियो’ म्हणतो, आपला ‘खंड’ तो त्याचा ‘गणोत’, आणि आपल्या ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेचे गुजराती रूप ‘खेडे तेनी जमीन’. दोन भाषांतील या जोडशब्दांमागे एकच कायदा, एकच कचेरी आणि एकच लढा उभा आहे. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि रत्नागिरी, बारडोली आणि अलिबाग एकाच मुंबई राज्यात होती. म्हणून येथील कुळांच्या न्यायाचा इतिहास हा आपल्या सामायिक वारशाचाच एक अध्याय आहे.

या अध्यायातील मध्यवर्ती प्रश्न असा : जमिनीविषयी सरकारी अधिकाऱ्याने किंवा खास न्यायाधिकरणाने दिलेला निर्णय चुकीचा असेल, तर तो तपासावा कोणी आणि कुठवर? हा प्रश्न सुरत जिल्ह्याने स्वातंत्र्यापूर्वीच विचारला होता.

बारडोलीचा सत्याग्रह करबंदीचा लढा म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या मुळाशी असलेली मागणी मात्र थोडी निराळी होती. बारडोली तालुक्याच्या जमीन-आकारणीच्या फेरतपासणीचे काम डेप्युटी कलेक्टर जयकर यांच्याकडे होते. त्यांनी सुमारे ३० टक्के वाढ सुचविली. सेटलमेंट कमिशनर अँडरसन यांनी निराळ्या आधारावर जवळपास तितकीच वाढ योग्य ठरविली आणि सरकारने अखेर ती २२ टक्क्यांवर आणून लागू केली. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की ही वाढ ज्या माहितीवर आधारली आहे ती माहितीच तपासलेली नाही. कोणत्या खंडाचा, कोणत्या विक्रीचा दाखला खरा आणि कोणता अपवादात्मक, हे गावोगाव जाऊन कोणी पाहिलेच नाही. परंतु हे म्हणणे मांडावे कुठे? १८७६ च्या मुंबई महसूल अधिकारक्षेत्र कायद्याने आकारणीच्या बाबतीत दिवाणी न्यायालयांचे दार बंद केले होते. ज्याने निर्णय द्यायचा त्यानेच तो तपासायचा, अशी ती व्यवस्था होती.

१२ फेब्रुवारी १९२८ रोजी बारडोलीत वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली सारा न भरण्याचा ठराव झाला, तेव्हा त्यातील मागणी निःपक्ष पंचामार्फत चौकशीची होती. सरकारने जुना सारा पूर्ण फेड म्हणून घ्यावा किंवा स्वतंत्र पंच नेमावा, एवढेच शेतकऱ्यांचे म्हणणे. ऑगस्ट १९२८ मध्ये समझोता झाला आणि न्यायखात्यातील ब्रूमफील्ड व महसूलखात्यातील मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी समिती नेमली गेली. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. बारडोली आणि सुरत शहराला वेढणारा चोर्यासी, असे दोन्ही तालुके समितीने तपासले. शेतकऱ्यांच्या बाजूने आरंभी भुलाभाई देसाई उभे राहिले. महादेवभाई देसाई आणि नरहरी परीख यांनी गावोगावची माहिती मांडली. १९२९ मध्ये अहवाल आला, तेव्हा २२ टक्क्यांची वाढ सुमारे ६ टक्क्यांवर उतरली होती. आकड्यातील हा फरक मोठा खराच. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की महसुली निर्णय हा अधिकाऱ्याच्या मर्जीचा विषय नसून पुराव्याचा विषय आहे, हे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले.

बारडोलीचा शेतकरी बहुतांशी आपल्या जमिनीचा खातेदार होता. ज्याच्या नावावर जमीनच नाही अशा कुळाचा प्रश्न दुसऱ्या बाजूने पुढे येत होता. कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. खोताची जमीन कसायचीच नाही, असा तो निर्धार कित्येक वर्षे टिकला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. या दबावातून १९३९ चा मुंबई कूळकायदा जन्मास आला. त्या वेळी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात महसूलखाते सांभाळणारे मोरारजी देसाई हे त्या काळच्या सुरत जिल्ह्यातील भदेली गावचे. कोकणातल्या कुळांनी पेटविलेला प्रश्न सुरतच्या सुपुत्राने कायद्याच्या भाषेत आणावा, हा योगायोग सामायिक वारशाची साक्षच देतो.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा ‘मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम’ आला. आता दोन्ही राज्यांनी त्याच्या शीर्षकातील ‘मुंबई’ काढून आपापले नाव घातले आहे. गाभा मात्र तोच. संविधानाच्या नवव्या परिशिष्टात जे कायदे प्रथम घातले गेले त्यांत बिहारच्या कायद्याच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक याच कायद्याचा आहे. १९४९ साली बडोदे संस्थान विलीन झाल्यावर नवसारी, व्यारा, सोनगड हा गायकवाडी मुलूखही मुंबई राज्यात आला. जिथे ‘वहिवाटदार’ बसत असे तिथे मामलतदार बसू लागला.

या कायद्याला खरा कणा मिळाला तो १९५६ च्या दुरुस्तीने. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जमीन कसत असलेले कूळ, काही अपवाद सोडता, कायद्यानेच त्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. किंमत ठरविण्यासाठी शेतजमीन न्यायाधिकरण स्थापन झाले, आणि सामान्य कुळाच्या बाबतीत ती आकारणीच्या २० पटींपासून २०० पटींपर्यंत असावी अशी मर्यादा घातली गेली. जमीनमालकांनी या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. श्रीराम रामनारायण मेढी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात नोव्हेंबर १९५८ मध्ये न्यायालयाने ती वैध ठरविली. कायदा टिकला. आता प्रश्न उरला तो कायदा राबविणाऱ्या कचेऱ्यांचा.

कचेऱ्यांची ती शिडी वाचकांनी थोडी समजून घ्यावी. पहिल्या पायरीवर मामलतदार किंवा न्यायाधिकरण. अमुक इसम कूळ आहे की नाही, मालकाला घरी कसण्यासाठी जमीन परत मिळावी की नाही, किंमत किती, हे सारे तेथे ठरते. त्यावर कलेक्टरकडे अपील. व्यवहारात ते प्रांताधिकाऱ्यापुढे चालते. त्यानंतर महसूल न्यायाधिकरणाकडे पुनरीक्षण. पण तेथे सारा पुरावा नव्याने तपासला जात नाही. निर्णय कायद्याविरुद्ध आहे, कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा ठरवायचा राहून गेला आहे, अथवा कार्यपद्धतीतील दोषामुळे अन्याय झाला आहे, एवढीच कारणे तेथे चालतात. आणि या साऱ्या विषयांत दिवाणी न्यायालयाने हात घालायचा नाही, असे कलम ८५ बजावते. दिवाणी दाव्यात कूळ असण्या-नसण्याचा मुद्दा निघालाच, तर दिवाणी न्यायाधीशाला तो निर्णयासाठी मामलतदाराकडे पाठवावा लागतो.

दिवाणी न्यायालयाला दूर ठेवण्यामागचा हेतू कुळाच्या हिताचाच होता. वकील, स्टँप, पिढ्यान्पिढ्या चालणारे दावे आणि सावकाराच्या कागदासमोर तोंडी शब्दाची हार, हा अनुभव दख्खनच्या शेतकऱ्याने १८७५ च्या दंग्यापूर्वी घेतलेला होता. तालुक्याच्या गावी, आपल्याच भाषेत, कमी खर्चात निकाल मिळावा म्हणून ही खास कचेरी. परंतु हेतू कितीही चांगला असला तरी मामलतदार हा मूलतः कारभारी. सकाळी सारावसुली, दुपारी निवडणुकीची यादी आणि त्यातच वेळ काढून न्यायदान. त्याची चूक सुधारणारा जर महसूलखात्यातलाच वरिष्ठ असेल, तर आपण पुन्हा १९२८ पूर्वीच्या बारडोलीत येऊन पोहोचतो.

येथेच संविधानाचे अनुच्छेद २२६ आणि २२७ महत्त्वाचे ठरतात. त्यांतील दुसऱ्याने उच्च न्यायालयाला आपल्या क्षेत्रातील सर्व न्यायालयांवर आणि न्यायाधिकरणांवर देखरेखीचा अधिकार दिला. १९३५ च्या कायद्याने उच्च न्यायालयाची देखरेख प्रशासकीय बाबींपुरती आवळून टाकली होती. खालच्या न्यायालयाच्या निकालाला त्या वाटेने हात लावता येत नसे. संविधानकारांनी ती आवळण उतरविली आणि ‘न्यायाधिकरण’ हा शब्दही त्यात आणला. कलम ८५ ने दिवाणी न्यायालयाला कुलूप लावले तरी विधिमंडळाच्या साध्या कायद्याने हे दार बंद होत नाही. १९९७ साली चंद्रकुमार खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने हा अधिकार संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग असल्याचे सांगितले, तेव्हा हे दार कायमचेच उघडे राहिले.

मात्र देखरेख म्हणजे अपील नव्हे, हा भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. १९५४ साली वर्यामसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले सूत्र आजही प्रमाण मानले जाते : हा अधिकार जपून वापरावा, आणि तो खालच्या न्यायपीठाला त्याच्या अधिकाराच्या सीमेत ठेवण्यासाठी असावा, प्रत्येक चूक दुरुस्त करण्यासाठी नव्हे. शेतात बांधावर कोण उभा होता, नांगर कोणाचा होता, हे मामलतदाराने पुराव्यावरून ठरविले असेल तर उच्च न्यायालय ते सहसा बदलत नाही. परंतु कुळाला नोटीसच मिळाली नसेल, पुरावा मुळीच नसताना निष्कर्ष काढला असेल, किंवा कायद्याने न दिलेला अधिकार वापरला असेल, तर मात्र ते थांबत नाही. १ मे १९६० पर्यंत सुरतचे कूळ यासाठी मुंबईला जात असे. त्या दिवसापासून ते अहमदाबादला जाऊ लागले. गुजरातचे स्वतंत्र महसूल न्यायाधिकरण आणि गुजरात उच्च न्यायालय हीच तेव्हापासूनची त्याची वाट.

या देखरेखीने प्रत्यक्षात काय साधले, हे काही निकालांवरून पाहू. दह्यालाल विरुद्ध रसूल मोहंमद या गुजरातमधील प्रकरणात प्रश्न असा होता, की जमीन गहाण घेऊन ताब्यात ठेवणाऱ्याने कूळ लावले, तर गहाण सुटल्यावर ते कूळ राहते की जाते? दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा तो कूळच, मग त्याला मालकाने स्वतः लावलेले असो वा नसो, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला. गहाणखताच्या आडून कुळाला उठविण्याची वाट त्यामुळे बंद झाली.

प्रत्येक निकाल मात्र कुळाच्या बाजूने गेला असे नाही. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील राजाराम महादेव परांजपे विरुद्ध आबा मारुती माळी या प्रकरणात तीन वर्षे खंड थकविलेल्या कुळांचा प्रश्न होता. दयाबुद्धीने त्यांना आणखी एक संधी देता येईल काय? कायद्याने ती मुभा ठेवलेली नाही, तर न्यायपीठाला ती निर्माण करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. हा निकाल कुळांना कठोर वाटला असेल. परंतु ज्या शिस्तीने मालकाला बांधायचे तीच शिस्त कुळालाही लागू, ही त्यातील सुसंगती नाकारता येत नाही.

त्याच शिस्तीची दुसरी बाजू रामचंद्र केशव आडके विरुद्ध गोविंद जोती चवरे या १९७५ च्या निकालात दिसते. कुळाकडून राजीनामा लिहून घेणे हा मालकांचा जुना मार्ग. अंगठा उमटला की जमीन गेली. म्हणून राजीनामा लेखी हवा, त्याचा अर्थ आणि परिणाम कुळाला कळला आहे व तो स्वखुशीने दिला आहे, याची मामलतदाराने चौकशी करून खात्री करावी, आणि तसा शेरा त्याच कागदावर लिहावा, अशी तरतूद केली गेली होती. हा शेरा केवळ उपचार आहे, असे मालकपक्षाचे म्हणणे. एखादी गोष्ट विशिष्ट रीतीनेच करावी असे कायदा म्हणत असेल तर ती त्याच रीतीने झाली पाहिजे, नाहीतर ती झालीच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आणि राजीनामा निरर्थक मानला. कचेरीतल्या चार ओळींच्या शेऱ्यावर एका कुटुंबाची भाकरी अवलंबून असते, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणते उदाहरण सांगेल?

अमृत भिकाजी काळे विरुद्ध काशिनाथ जनार्दन त्राडे या १९८३ च्या प्रकरणात मूळचे गुजरातचे न्यायमूर्ती दि. अ. देसाई यांनी याच्याही पुढचे तत्त्व मांडले. कृषक दिनी मालकाचा हक्क संपतो आणि त्याच क्षणी कुळाचा हक्क उगवतो. त्यानंतर उरते ते केवळ किंमत ठरविण्याचे काम. न्यायाधिकरण जर कायद्याची तरतूद डावलून नसलेला अधिकार हिसकावून घेत असेल, तर त्याचा निर्णय मुळातच शून्य, आणि ही गोष्ट पुढे दुसऱ्या कामातही मांडता येते. एप्रिल १९५७ नंतर ज्या असंख्य कुळांच्या तारखा कचेरीत पुकारल्या गेल्या, त्यांच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे. कारण कायद्यात अशीही तरतूद होती, की बोलावूनही कूळ हजर राहिले नाही अथवा खरेदीस नाखूश असल्याचे बोलले, तर ती खरेदी निष्फळ ठरवावी. मालकाच्या धाकाने न आलेले, नोटीस न वाचता आलेले, तारखेच्या दिवशी मजुरीला गेलेले कूळ या एका पोटकलमाने जमिनीला मुकू शकत असे.

देखरेखीने अधिकाऱ्यांनाही मर्यादा घातल्या. सौराष्ट्रातील पटेल नरशी ठाकरशी प्रकरणात १९७० साली सांगितले गेले, की कायद्याने दिला नसेल तर अधिकाऱ्याला आपलाच निर्णय फिरविण्याचा अधिकार नाही. पटेल राघव नाथा प्रकरणात कलेक्टरने दिलेली परवानगी कमिशनरने एका वर्षाहून अधिक काळाने रद्द केली होती. मुदत लिहिलेली नसली तरी असा अधिकार वाजवी काळातच वापरला पाहिजे, असा १९६९ चा निकाल आहे. कूळकायद्याखाली अवैध हस्तांतरणाची आपण होऊन चौकशी करण्याच्या अधिकारालाही पुढे मोहंमद कावी प्रकरणात हेच माप लावले गेले. सुरतसारख्या ठिकाणी या नियमाला आगळे महत्त्व आहे. कृषक दिनी मिळालेली जमीन कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. तिलाच येथे ‘नवी शरत’ची जमीन म्हणतात. कापड आणि हिरे यांच्या धंद्याने शहर पसरत गेले, आणि कधी काळी आकारणीच्या पटीत मोजलेली जमीन सोन्याच्या भावाने मोजली जाऊ लागली. अशा वेळी जुनी फाइल केव्हाही उघडता आली, तर ती कोण आणि कशासाठी उघडील, हे सांगावयास नको.

इतके सांगून झाल्यावर या देखरेखीच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पहिली उणीव कालावधीची. मामलतदार, प्रांत, न्यायाधिकरण, उच्च न्यायालय आणि क्वचित दिल्ली, हा प्रवास ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याला परवडतो. जो ताब्याबाहेर आहे त्याचे आयुष्य त्यात सरते. आडके, काळे ही नावे कायद्याच्या ग्रंथांत आली, पण पहिल्या पायरीवरच थांबलेल्यांची नावे कोणत्याच ग्रंथात नाहीत. अहमदाबादचे गाडीभाडे आणि वकिलाची फी ही ज्याच्या ऐपतीबाहेर, त्याच्यासाठी मामलतदाराचा निकाल हाच शेवटचा.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. न्यायालय तपासते ते कायद्याने दिलेल्या हक्काचा निर्णय. ज्याला कायद्याने हक्कच दिला नाही, त्याच्यासाठी ते काय करणार? त्या काळच्या सुरत जिल्ह्यातील पारडी तालुक्यात मालकांनी विस्तीर्ण जमिनी गवतासाठी राखल्या होत्या. गवत आपोआप वाढते, तिथे कूळ लागत नाही, आणि कूळ नाही म्हणजे कृषक दिनही नाही. १ सप्टेंबर १९५३ रोजी ईश्वरभाई देसाई आदी समाजवादी कार्यकर्त्यांच्या नेतृत्वाखाली आदिवासींनी त्या गवताळ जमिनीवर धान्य पिकविण्याचा हक्क मागत सत्याग्रह केला. ‘घासिया सत्याग्रह’ म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि तो दीर्घकाळ चालला. तसेच हळपतींचे. बारडोलीच्या खातेदाराने ज्या दुबळा जातीच्या हाळ्याकडून पिढ्यान्पिढ्या नांगर धरून घेतला, तो हाळी मजूर ठरला, कूळ नव्हे. नांगर त्याच्या हाती असूनही ‘कसेल त्याची जमीन’ या वाक्यातील ‘कसेल’ हे क्रियापद त्याला लागू झाले नाही. भाषेच्या अध्यापकाला ही गोष्ट विशेष बोचते : एका क्रियापदाचा कर्ता कोण, यावर हजारो कुटुंबांचे भवितव्य ठरले, आणि तो कर्ता व्याकरणाने ठरविला नाही, व्याख्येच्या कलमाने ठरविला.

तात्पर्य, मामलतदाराच्या निर्णयावरील न्यायालयीन देखरेख ही सर्वव्याधिहर औषधी नव्हे. ती नवे हक्क देत नाही, गेलेली वर्षे परत आणत नाही आणि गरिबाचा प्रवासखर्चही भागवीत नाही. पण तिच्याविना काय होते, हे या जिल्ह्याने १९२८ पूर्वी पाहिले आहे. तेव्हा एक आकडा तपासून घेण्यासाठी एका सबंध तालुक्याला जप्त्या सोसाव्या लागल्या, गुरेढोरे घरात कोंडून दारे लावून बसावे लागले. आज तेच काम एकट्या कुळाचा एक अर्ज करू शकतो. तालुक्याच्या कचेरीत शेरा लिहिणाऱ्या हाताला, आपल्या लेखणीकडे कोणीतरी पाहत आहे, ही जाणीव राहते. त्या जाणिवेनेच कित्येक शेरे नीट लिहिले गेले असतील. आणि नीट लिहिलेल्या शेऱ्यावर खटला होत नसल्यामुळे त्यांची नोंद कोणत्याही निकालपत्रात सापडणार नाही.

वाचनालये लोकांना वाचावयास शिकवितात. सातबारा, नोटीस आणि राजीनामा हेही वाचण्याचेच कागद आहेत. ज्या कुळाला ते वाचता आले, किंवा वाचून सांगणारा शेजारी मिळाला, त्याच्यापर्यंतच संविधानाचा तो अनुच्छेद पोहोचला.